गाड्या खपतील हो, पण पॉलिश मारणाऱ्याचं काय?

22 सप्टेंबर 2025 ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर एकच वाद चाललाय. माझा भाचा नोकरी सोडून कार डिटेलिंगचा (गाडी आतून-बाहेरून बारकाईने साफ करून, पॉलिश मारून चमकवण्याचा) स्टुडिओ टाकायचा म्हणतोय, फ्रँचायझीवाल्यांशी बोलणं झालंय, लोनचे कागद तयार आहेत. त्याचं म्हणणं असं की गाड्या स्वस्त झाल्या, 2025 मध्ये रेपो रेट साडेसहावरून सव्वापाचवर आला म्हणजे हप्तेही हलके, गाड्या धडाधड खपणार आणि नवी गाडी घेतली की माणूस सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा संरक्षक थर) नाहीतर पीपीएफ (रंग जपणारी पारदर्शक फिल्म) करून घेणारच. भाऊजींचं म्हणणं त्याच्या बरोबर उलट, की आपल्याकडे गाडी पुसायला माणूस मिळतो, कशाला कोण एवढे पैसे घालवेल, हे सगळं परदेशात चालतं कारण तिथे माणसं महाग म्हणून सगळं मशीनवर. आणि मग दोघंही मला टॅग करतात, मावशी तू सांग, तू तिथेच असतेस.

मी इंग्लंडमध्ये छोट्या धंद्यांचे हिशोब बघते, त्यात गाड्या धुणारे आणि डिटेलिंगवाले पण आहेत. त्यामुळे गाडीच्या रंगातलं मला फारसं कळत नसलं तरी त्या रंगावर कोण किती कमावतं ते बऱ्यापैकी कळतं, आणि माझ्या मते दोघंही चुकीच्या आकड्याकडे बघतायत.

आधी भाऊजींचं मशीन. इथे उलट झालंय. पेट्रोल पंपावरची ती मोठ्या ब्रशांची रोलर मशीनं 2000 नंतरच्या पंधरा वर्षांत निम्म्याहून कमी झाली आणि त्यांच्या जागी हाताने गाडी धुणारे आले. 2004 ला दहा नवे देश युरोपियन युनियनमध्ये आले, तिकडची माणसं कामाला इकडे येऊ लागली, पंप बंद पडत होतेच, त्या मोकळ्या जागांवर पाच-सहा जण, एक जेट आणि फोमचा पंप एवढ्यावर धंदा उभा राहिला. 2018 मध्ये इथल्या संसदेच्या पर्यावरण समितीने यावर अख्खा रिपोर्ट काढला, त्यात असे हँड कार वॉश दहा ते वीस हजार असतील असा अंदाज होता. दहा की वीस, तेही कोणाला धड माहीत नाही, यावरून समजा किती कारभार कागदावर आहे. किमान वेतनापेक्षा कमी पैसे, काही ठिकाणी तर सरळ वेठबिगारी, गटारात जाणारं केमिकल, सगळं त्यात आलंय. म्हणजे श्रीमंत देश, तंत्रज्ञान हाताशी, आणि तरी माणूस मशीनपेक्षा स्वस्त पडला की मशीन मागे पडतं. या धंद्याचा खरा कच्चा माल पॉलिश नाही, मजुरी आहे.

आणि गंमत बघा, हा स्वस्त वॉशच वरच्या महागड्या कामाला गिऱ्हाईक पुरवतो. तिथे एकदा उभं राहून बघा. एक जण जेटने चाकांचा चिखल उडवतो, दुसरा फोम मारतो, मग दोघं दोन बाजूंनी स्पंज फिरवत जातात, आणि दाराखालच्या पट्टीवर फिरलेला तोच स्पंज न धुता बोनेटवर येतो, त्यातली वाळूची कणी रंगावर घासली जाते. दहा मिनिटांत गाडी बाहेर, चकाचक. वर्षभराने ऊन पडलं की (इथे ऊन पडणं हाच एक सोहळा आहे) बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात, मग मालक डिटेलिंगवाल्याकडे जातो. तो पेंट गेजने प्रत्येक पॅनेलवरच्या रंगाची जाडी मोजतो, रुतलेली घाण काढायला क्ले बार (मातीसारखी मऊ वडी) फिरवतो, पॉलिशचं मशीन घेऊन एकेका पॅनेलवर बसतो, एका गाडीला दोन-दोन दिवस. रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण 40-50 मायक्रॉनचा, ओरखडे घासून काढताना प्रत्येक वेळी त्यातले थोडे जातात, म्हणजे हे कामही परत परत करता येत नाही. नीट काम करणारा माणूस गिऱ्हाइकाला स्वतःच सांगतो की आता दोन वर्षं फक्त नीट धू, माझ्याकडे येऊ नको. धंदा म्हणून हे किती अवघड आहे!

आता भाच्याचं. नवी गाडी खपली की कोटिंगचं काम त्याच्याकडे येईल हे त्याने धरूनच टाकलंय. पण नव्या गाडीचं कोटिंग विकतो शोरूमवाला, डिलिव्हरीच्या आधी, विम्याच्या आणि मॅटच्या यादीत घालून, हप्त्यात मिसळून, आणि काम मात्र कंत्राटावर कोणाकडून तरी करून घेतो, मार्जिन त्याचं. हे तिथेही असंच आहे आणि इथेही. बाहेरच्या स्टुडिओला खरं काम मिळतं ते तीन-चार वर्षं वापरलेल्या गाडीतून. इथे 2021-22 मध्ये चिपच्या टंचाईने नव्या गाड्या मिळेनात, जुन्यांचे भाव वर गेले, तेव्हा माझ्याकडच्या डिटेलिंगवाल्यांच्या वह्या सगळ्यात छान दिसत होत्या. जुनी गाडी चमकवून विकली तर चार पैसे जास्त, किंवा हीच अजून चालवायची आहे तर नीट तरी ठेवू. आता बघा, नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरतो, आणि भाव उतरलेल्या गाडीवर पॉलिशला पैसे घालताना माणूस दहा वेळा विचार करतो. म्हणजे ज्या बातमीवर भाचा नाचतोय ती त्याच्या गिऱ्हाइकासाठी कदाचित उलटीच आहे, निदान पहिली दोन-तीन वर्षं तरी. शिवाय गाडीवरचा कर उतरला पण डिटेलिंगच्या बिलावरचा 18 टक्के होता तिथेच आहे, आणि पीपीएफची बरीचशी फिल्म बाहेरून येते, डॉलर डिसेंबर 2025 मध्ये नव्वद रुपयांच्या वर गेला तो हिशोब वेगळाच.

व्याजदराचंही इथे जवळून बघितलं. बँक ऑफ इंग्लंडचा दर डिसेंबर 2021 च्या मध्यापर्यंत 0.1 टक्का होता तो ऑगस्ट 2023 पर्यंत 5.25 वर गेला, लोकांचे घराचे हप्ते वाढले. गाडी धुणं बंद झालं नाही हां, ते दोन टोकांना गेलं. ज्यांच्याकडे खरोखर महागड्या गाड्या आहेत ते येतच राहिले, बाकीचे दहा मिनिटवाल्या वॉशकडे परत गेले. मधला जो गिऱ्हाईक होता, साधी फॅमिली गाडी पण वर्षातून दोनदा आतून-बाहेरून नीट करून घेणारा, तो गळाला.

आणि नेमका त्या मधल्या गिऱ्हाइकावर जगणारा मधला स्टुडिओ करांमध्येही अडकतो. इथे व्हॅटची (म्हणजे इथला जीएसटीच) नोंदणी विक्री बारा महिन्यांत 90,000 पौंडांच्या वर गेली की लागते, एप्रिल 2024 आधी ती मर्यादा 85,000 होती. गिऱ्हाईक घरगुती असतं, त्याला व्हॅट परत मिळत नाही, त्यामुळे रेट वाढवला की ते पळतं. रेट तोच ठेवला तर 95,000 च्या धंद्यातले साधारण 15,800 व्हॅटचे जातात, आणि मटेरियलवरचा व्हॅट परत मिळतो तो किरकोळ, कारण खर्च सगळा माणसांचा, मजुरीवर कुठला आलाय परतावा. म्हणून एकटा व्हॅनवाला 85-88 हजारांवर आला की मुद्दाम सुट्टी घेतो, मी बघते ना. त्यात किमान वेतन, जे पंचविशीपासून वरच्यांना एप्रिल 2016 ला तासाला 7.20 पौंड होतं, ते एप्रिल 2025 ला 12.21 झालं (आता एकविशीपासूनच लागू), आणि मालकाने पगारावर सरकारला भरायचा नॅशनल इन्शुरन्स 13.8 चा 15 टक्के. सरकारने त्यात वर्षाला 10,500 पौंडांची सूट दिलीय, किमान वेतनावर आठवड्याला 40 तास धरून हिशोब केला तर पूर्णवेळ तीन माणसांपर्यंत काही भरावं लागत नाही, चौथा ठेवला की सुरू. त्यामुळे चौथा माणूस कोणी ठेवतच नाही, किंवा ठेवतो आणि कागदावर दाखवत नाही.

भारतात आकडे वेगळे पण मधला स्टुडिओ असाच अडकणार. सेवेला 20 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, (काही राज्यांत 10 लाख, पण महाराष्ट्रात 20). म्हणजे भाच्याच्या समोर जो पोरगा एक पॉलिशर घेऊन बसेल, आणि बहुतेक तो भाच्याकडेच शिकून गेलेला असेल, त्याचा रेट आपोआप कमी. भाच्याचं बिल 25 लाखांचं झालं आणि कर आतच धरावा लागला तर 3.8 लाख गेले. 50 लाखांपर्यंत जीएसटीची 6 टक्केवाली स्कीम आहे पण त्यात फिल्मवर भरलेला कर परत मिळत नाही, आणि पीपीएफ विकायचं असेल तर फिल्मच सगळ्यात महाग.

मजुरीबद्दल मात्र ग्रुपवर कोणी अवाक्षर काढत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार लेबर कोड लागू झाले, वेतनाच्या कोडमध्ये किमान वेतन सगळ्या कामगारांना आहे, असंघटित सुद्धा. लगेच उद्या काही बदलेल असं मी म्हणत नाही, इथेही कायदा असून पंपावर काय चालतं ते वर सांगितलंच. पण हळूहळू मजुरी चढणार, आणि चढायलाच पाहिजे, दिवसभर वाकून पॉलिशर धरणाऱ्या पोराच्या मनगटाचं काय होतं ते मी पाहिलंय. भाऊजींचा "माणूस मिळतो" हा मुद्दा तोपर्यंतच खरा आहे.

फ्रँचायझीवाल्यांनी भाच्याला जो प्रोजेक्ट रिपोर्ट करून दिलाय तो मी वाचला. भाडं दरवर्षी वाढवलंय, गाड्यांची संख्या तर जोरदार वाढवलीय, कारागिरांचा पगार पाच वर्षं जिथल्या तिथे. मी त्याला सांगितलं, पगाराची ओळ दरवर्षी वाढवत ने, नव्या गाड्यांचं कोटिंग निम्मं कर, आणि मग बघ तिसऱ्या वर्षी बँकेचा हप्ता निघतोय का. शीट त्याला पाठवलीय, अजून त्याने उघडलेली दिसत नाही.