‘गावात घर आहे ना?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

राहायला खोली न मिळणाऱ्या विद्यार्थ्यांवरच्या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत, की शिकणाऱ्या पोरांना ‘बेघर’ म्हणणं ही अतिशयोक्ती आहे. गावात घर असतं, हातात मोबाइल असतो, सरकार पैसे देतं. तुम्ही स्वतः १९७४ साली औरंगाबादच्या नागसेनवनात, म्हणजे मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, चौघांच्या खोलीत सहाजण राहून शिकलात.

तुमच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण सर, त्या खोलीत तुमच्या नावाची एक कॉट होती.

आमच्या होस्टेलात, यादीत नाव नसताना मित्राच्या खोलीत चोरून राहणाऱ्याला ‘पॅरासाइट’ म्हणायचे. २००९ साली, तेव्हाच्या औरंगाबादेत, चार महिने मी तो होतो. दोन कॉटांच्या मधे फरशीवर सतरंजी. रेक्टरची फेरी आली की सतरंजीसकट कॉटखाली सरकायचं. ट्रंकेचा कोपरा गुडघ्याला लागायचा, धुळीनं शिंक येऊ नये म्हणून नाक दाबून पडायचो. एका रात्री शिंक आलीच. माझी बॅग पायऱ्यांवर आली. पुढे परीक्षेपर्यंत अभ्यासिकेत टेबलावर डोकं ठेवून झोपलो आणि पहाटे बसस्टँडच्या नळावर तोंड धुतलं.

मुलींना तर एवढंही करता येत नाही. खोली सुटली की मुलगी गावी जाते आणि घरात स्थळांचा विषय निघतो.

आता गावातलं घर. आमचं बीड जिल्ह्यात आहे, पण आई आणि दादा, म्हणजे वडील, कोयत्यावर, ऊसतोडीला जायचे. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असायची. दसरा झाला की घराला कुलूप, ते गुढीपाडव्याच्या सुमारास निघायचं. दिवाळीत मेस बंद झाली की मी जायचं कुठं? साखर कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे झोपडीत, जिथं त्या दोघांनाच नीट पाय पसरता येत नव्हते.

सरकारी पैशांचं म्हणाल, तर वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. सुरुवातीलाच आपल्या शहरासाठी वर्षाला ५१ हजार ठरले होते. चांगली योजना आहे, ती बंद पडू नये. पण तिला भाडेकरार जोडावा लागतो, आणि कॉट बेसिसवर पोरं ठेवणारा घरमालक करार करून देत नाही. पुन्हा पैसे येतात मागाहून, डिपॉझिट मात्र आधी भरावं लागतं. ज्याच्याकडे खोली नाही, त्यानं खोलीचा कागद आणायचा कुठून?

आणि मोबाइल. फॉर्म, हॉलतिकीट, शिष्यवृत्तीचा ओटीपी, सगळं त्याच्यावरच येतं. तो विकून महिन्याभराचं भाडं निघेल, पण शिक्षण थांबेल.

एक मात्र तुमचं मान्य. मागच्या लेखाचं ‘फूटपाथवरचे पदवीधर’ हे शीर्षक चुकलंच होतं, ते काढलं आहे.

शेवटी एक विनंती. चौघांच्या खोलीत सहाजण होतात, म्हणजे दोघांची नावं यादीत नसणार. ते कुठल्या गावचे होते, फेरी आली की कुठं लपायचे, पुढं त्यांचं काय झालं? आठवेल तेवढं लिहा, सर. ते मी इथं स्वतंत्र लेख म्हणून लावतो.