कळविण्यात येते की कंपनी हयात आहे

अमेरिकेत कंपनी काढणं इतकं सोपं आहे की ते कुणीतरी मुद्दाम सोपं ठेवलंय असा मला दाट संशय आहे. एक ऑनलाइन फॉर्म, एक क्रेडिट कार्ड, नाव काय ठेवायचं यावरून थोडी हुज्जत, आणि बसल्या जागी तुम्ही फाउंडर. लिंक्डइनवर अभिनंदनं सुरू. पुढचं कुणी सांगत नाही. पुढचं म्हणजे असं की कंपनी नुसती असून भागत नाही, ती आहे हे सरकारला दरवर्षी कळवत राहावं लागतं, आणि सरकार म्हणजे एकच सरकार असतं तर मी हे लिहायलाच बसलो नसतो, इथे प्रत्येक राज्याचं सरकार वेगळं, वेबसाइट वेगळी, तारीख वेगळी आणि पासवर्ड तर विचारूच नका.

आमची कंपनी म्हणजे मी आणि माझा मित्र. दोघंही कॅलिफोर्नियात, ऑफिस माझ्या गॅरेजशेजारच्या खोलीत. पण कंपनी डेलावेअर राज्याची! आम्ही दोघांपैकी कुणीही डेलावेअर जन्मात बघितलेलं नाही. मग तिथे का काढली? तर सगळे काढतात म्हणून. वकील म्हणाला डेलावेअर. एक इन्व्हेस्टर म्हणाला डेलावेअर (त्याने पुढे पैसे दिले नाहीत, सल्ला तेवढा दिला). फॉर्च्यून ५०० म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या पाचशे कंपन्यांची यादी, तिच्यातल्या जवळपास दोन तृतीयांश कंपन्या तिथल्याच, कारण तिथे १७९२ पासून चालत आलेलं चान्सरी कोर्ट आहे, ज्युरीबिरी काही नाही, कंपन्यांच्या भांडणात मुरलेले न्यायाधीश. आता आम्हा दोघांचं भांडण झालंच तर ते एसीचं टेम्परेचर किती ठेवायचं यावरून होईल, पण म्हटलं असू दे, वेळ सांगून येत नाही.

त्या राज्याची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास आणि तिथे रजिस्टर झालेल्या कंपन्या वीस लाखांच्या वर. म्हणजे तान्ह्या पोरासकट प्रत्येकाच्या वाट्याला दोन कंपन्या. विल्मिंग्टनमध्ये १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट नावाचा पत्ता आहे, एक साधीशी बैठी इमारत, २०१२ साली पेपरात आलं होतं की त्या एका पत्त्यावर २ लाख ८५ हजार कंपन्या नांदतायत. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माणसालाही हे ऐकून जरा गुदमरल्यासारखं होतं.

हे सगळं चालतं रजिस्टर्ड एजंटच्या जिवावर. कायदा म्हणतो की कंपनीचा राज्यात खराखुरा पत्ता हवा, पोस्ट बॉक्स चालणार नाही, आणि ऑफिसच्या वेळात तिथे कुणीतरी हजर पाहिजे, का तर उद्या कुणी तुमच्यावर दावा लावला तर कागद हातात घ्यायला माणूस हवा. एवढंच काम. म्हणजे आपल्यावर कुणी केस केली तर ती व्यवस्थित आपल्यापर्यंत पोचावी यासाठी आपणच एका माणसाला दरवर्षी पैसे द्यायचे. हे पैसे मात्र मी वेळच्या वेळी भरतो, कारण एजंट निघून गेला आणि दुसरा नेमला नाही तर राज्य कंपनीच बंद करतं.

आता १ मार्च. डेलावेअरच्या कॉर्पोरेशनांचा अॅन्युअल रिपोर्ट आणि फ्रँचाइझ टॅक्स (म्हणजे राज्यात कंपनी आहे एवढ्याचाच टॅक्स, नफ्याशी संबंध नाही) याच तारखेला असतो. कंपनी काढताना वकिलाने एक कोटी शेअर्स ऑथराइझ करून ठेवले होते, म्हणजे फार तर एवढे वाटता येतील अशी मर्यादा, सगळेच ठेवतात, कागदावरचेच तर शेअर्स. पहिल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी मित्राचा फोन आला. आवाज खोल गेलेला. म्हणाला, "तू बसलायस ना? टॅक्स किती आलाय सांगू?" आणि त्याने आकडा सांगितला, ८५ हजार १६५ डॉलर. आमच्या कंपनीच्या खात्यात तेव्हा जेवढे पैसे होते त्यात त्या आकड्याचे शेवटचे तीन अंकसुद्धा जेमतेम भागले असते. मित्र म्हणाला घर विकावं लागेल. मी म्हटलं घर भाड्याचं आहे तुझं.

आमच्या सीपीए, म्हणजे इथल्या सीए, बाईंना फोन लावला तर त्या हसायलाच लागल्या. दर फेब्रुवारीत त्यांना असे फोन येतात म्हणे. झालंय काय, की टॅक्स मोजायच्या दोन पद्धती आहेत. एक शेअर्सच्या संख्येवर, पहिल्या दहा हजार शेअर्सना २५० आणि पुढच्या प्रत्येक दहा हजाराला ८५, असं करत एक कोटीला बरोबर तो आकडा येतो. दुसरी पद्धत कंपनीची मालमत्ता आणि प्रत्यक्ष वाटलेले शेअर्स बघते, आणि आमच्यासारख्या कफल्लक कंपनीला तिच्यात कमीत कमी टॅक्स लागतो, ४०० डॉलर. आणि कुठली पद्धत वापरायची हे तुम्हीच ठरवायचं! राज्य मात्र आधी मोठाच आकडा समोर ठेवतं. फॉर्मवर दोन रकाने भरायचे, वाटलेले शेअर्स किती आणि मालमत्ता किती, मग रिकॅल्क्युलेट टॅक्स नावाचं एक बटण दाबायचं. मी ते दाबलं. ८५ हजारांचे ४०० झाले. वर रिपोर्टची फी ५०. एवढं सुख मला आयुष्यात फार कमी बटणांनी दिलंय. तरी दरवर्षी ते दाबताना वाटतंच की यंदा नाही चाललं तर?

हे झालं जिथे आपण नाही त्या राज्याचं. जिथे आहोत तिथलं वेगळंच. डेलावेअरची कंपनी कॅलिफोर्नियात धंदा करते म्हणून तिची इथेही नोंदणी, इथेही एजंट, इथे दरवर्षी २५ डॉलरचं स्टेटमेंट ऑफ इन्फर्मेशन (विसरलात तर दंड २५०), आणि पहिलं वर्ष सोडलं तर कमीत कमी ८०० डॉलर फ्रँचाइझ टॅक्स. नफा झाला तर निदान ८००, तोटा झाला तरी ८००, वर्षभर दोघंही नुसते झोपून राहिलो तरी ८००. नाही भरलं तर इथे रजिस्टर झालेल्या कंपनीच्या नावापुढे सस्पेंडेड लागतं, बाहेरच्या राज्याच्या कंपनीपुढे फॉरफिटेड. मग त्या कंपनीला इथल्या कोर्टात ना दावा लावता येतो ना आपला बचाव करता येतो, आणि त्या काळात तिने केलेलं काँट्रॅक्ट समोरच्या पार्टीला रद्द करून घेता येतं. हा शेवटचा मुद्दा जरा लक्षात असू द्या.

मध्ये फेडरल सरकारनेही हात धुवून घेतले. कंपनीचे खरे मालक कोण हे कळवा म्हणे, पासपोर्टचा फोटो अपलोड करा, जुन्या कंपन्यांना मुदत १ जानेवारी २०२५, उशीर झाला तर दिवसाला ५९१ डॉलरपर्यंत दंड. ३ डिसेंबरला टेक्ससच्या एका कोर्टाने स्थगिती दिली. २३ तारखेला वरच्या कोर्टाने ती उठवली. २६ ला त्याच कोर्टाच्या दुसऱ्या बेंचने परत लावली. जानेवारीत सुप्रीम कोर्टाने ती उठवली तरी दुसऱ्या एका केसमधली स्थगिती उरलीच होती, ती फेब्रुवारीत उठली, नवी मुदत २१ मार्च, आणि बरोबर २१ मार्चला सरकारने जाहीर केलं की देशातल्या देशात काढलेल्या कंपन्यांना हे भरायची गरजच नाही. मित्राने डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी भरून टाकलं होतं. त्याच्याशी यावर बोलायचं नाही असं आमचं ठरलंय.

एवढ्यात आई आली, सहा महिन्यांसाठी. आई सरकारी नोकरीतून रिटायर झालेली, आवक-जावकला होती. तिला माझं काम समजावून सांगताना मी म्हटलं, अगं दरवर्षी कंपनी चालू आहे म्हणून कळवावं लागतं. ती म्हणाली, "म्हणजे हयातीचा दाखला." पेन्शनवाले नोव्हेंबरात बँकेत जाऊन मी जिवंत आहे म्हणून सही करतात तो. इतकी वर्षं वकील आणि सीपीए मिळून मला जे समजावत होते ते तिने दोन शब्दांत उरकलं. नंतर म्हणाली, "निदान आम्हाला त्याचे पैसे मिळतात. तुम्ही भरता होय?"

टपाल तिने ताब्यात घेतलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच हाक आली, "अरे, सरकारचं पत्र आलंय, गरुड आहे वरती!" जाड पाकीट, काळा गरुड, अंतिम सूचना, दंडाच्या कलमांची यादी, कंपनीचं नाव, नंबर, तारीख सगळं अगदी बरोबर, आणि अॅन्युअल मिनिट्स, म्हणजे वार्षिक सभेचा वृत्तांत, बनवून देण्याचे अमुक इतके डॉलर पाठवा. अशी पत्रं कंपनी रजिस्टर झाल्या दिवसापासून येतात, कारण नोंदणीची माहिती सार्वजनिक असते आणि कुणीही उचलून पत्र छापू शकतो. कधी मिनिट्स, कधी कामगार कायद्याचे पोस्टर (जे सरकारी साइटवर फुकट मिळतात), कधी डोमेन. आईने चष्मा वर केला, पत्र उजेडात धरलं, उलटं केलं आणि एका मिनिटात बाजूला टाकलं. म्हणाली, "खोटं आहे. खरं सरकार एवढ्या लाल अक्षरात ओरडत नाही, ते गुपचूप दंड लावतं." खाली बारीक छापलंच होतं की आमचा कुठल्याही सरकारी खात्याशी संबंध नाही. त्या दिवसापासून आमच्या कंपनीला आवक-जावक वही आहे. डाव्या रकान्यात खरी पत्रं, उजव्यात गरुडवाली. उजवा रकाना भरत चाललाय.

पण खरा घोळ झाला तो कस्टमर मोठा मिळाला तेव्हा. त्यांच्या लीगलवाल्यांनी सांगितलं, काँट्रॅक्टच्या आधी गुड स्टँडिंगचं सर्टिफिकेट, म्हणजे कंपनी राज्याच्या दप्तरी नीट चालू आहे असा दाखला, द्या, दोन्ही राज्यांचं, आणि तीस दिवसांच्या आतलं. डेलावेअरचं घेतलं, ५० डॉलर. कॅलिफोर्नियाचं पाचच डॉलरला मिळतं, पण त्यावर सर्टिफिकेट ऑफ स्टेटस असं छापलेलं असतं, आणि लीगलमधला पोरगा म्हणतो आमच्या चेकलिस्टमध्ये हे नाव नाही. त्याला सगळं समजावून सांगितलं, राज्याच्या साइटची लिंक पाठवली, तो म्हणाला वर विचारतो. वर विचारण्यात जे काही दिवस गेले त्यात डेलावेअरचा दाखला शिळा झाला. परत ५० डॉलर. मग परचेसवाल्यांना इन्शुरन्सचा कागद हवा होता, मग त्यांचा मॅनेजर सुट्टीवर, मग पोर्टल बदललं आणि सगळं पुन्हा अपलोड करा, तेवढ्यात दोन्ही दाखले शिळे. कंपनी तीच, आम्ही तेच, काल जिवंत होतो ते आजही आहोत, पण तसं लिहून दिलेला कागद एकतीस दिवसांचा! डेलावेअरला तर कुणाचा नुसता स्टेटस ऑनलाइन बघायचा असला तरी १० डॉलर पडतात, मी एकदा वैतागून स्वतःचाच बघितला होता.

असाच परत एकदा दाखला मागवत बसलो होतो, आई शेजारी वही घेऊन बसलेली. म्हणाली, "त्यांचा बघितलास का?"

"कुणाचा?"

"ज्यांना तुझा पाहिजे त्यांचा."

कॅलिफोर्नियाच्या साइटवर कुणाचाही स्टेटस फुकट दिसतो. काँट्रॅक्ट ज्या पोटकंपनीच्या नावाने होणार होतं तिचं नाव टाकलं. कंपनी ओरेगनची, नोंदणीची तारीख, एजंटचा पत्ता, आणि त्याखाली स्टेटसच्या रकान्यात एकच शब्द. फॉरफिटेड. मी चष्मा पुसून परत बघितलं. मित्राला स्क्रीनशॉट पाठवला, त्याने उत्तरात फक्त हसणारी तोंडं पाठवली, पुष्कळ.

मला आधी वाटलं गप्प बसावं, कस्टमर आहे, हातातला जायचा. पण आईने तोवर वहीत जावकच्या बाजूला तारीख घालून रकाना आखला होता.

"लिही," ती म्हणाली. "सौजन्याने लिही. आणि तीस दिवसांच्या आतला माग."