पत्ता तोच, दार दुसरं

लेकीच्या रोबोला आपण वळलो की नाही हेच कळत नव्हतं. सरळ जा म्हटलं की स्वारी टीव्हीखालच्या कपाटाकडे. म्हणून मी ठाण्याहून निघालो, दादरला गाडी बदलली, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला आणि टपाल तिकिटाएवढी निळी पट्टी घेऊन आलो. एमपीयू-६०५० नावाचा सेन्सर. सहा अक्षांवरची हालचाल टिपतो म्हणे. पट्टीला तेव्हा करंट नव्हता, नाहीतर दादरच्या पुलावरच सहाही अक्ष भरून आले असते.

तारा चारच. विजेच्या दोन, व्हीसीसी आणि ग्राउंड; बोलण्याच्या दोन, अर्डुइनो उनोच्या (म्हणजे रोबोचा मेंदू असलेल्या बोर्डाच्या) ए४ला एसडीए, ए५ला एससीएल. पिना सुट्या आल्या होत्या, त्या मी भोकांत नुसत्या खोचल्या. ("डाख कशाला? बसल्यात की घट्ट." हे माझं वाक्य. घरात ते अजून ऐकवलं जातं.)

अर्डुइनोला विचारलं, तारेवर कोण आहे? उत्तर आलं, हेक्स ६८ (हेक्स म्हणजे सोळाच्या पटीतली मोजणी). सेन्सरचा पत्ता हाच! लगेच चहा झाला.

मग आकडे बघितले. रोबो टेबलावर गप्प पडलेला, आणि झेडचा, म्हणजे वर-खालच्या अक्षाचा, आकडा दर सेकंदाला एकाने वाढतोय. मधूनच उडी मारायचा, मिनिटभराने मूळपदावर यायचा.

"पृथ्वी फिरते ना, ते दाखवत असेल," मी म्हणालो.

लेकीने काही न बोलता मोबाइल शेजारी धरला. "बाबा, हे घड्याळ आहे."

गेल्या वर्षीच्या प्रोजेक्टमधलं डीएस१३०७ हे घड्याळ त्याच तारांवर लोंबकळत राहिलं होतं. पत्ता त्याचाही ६८. सेन्सर बिचारा डाखाविना मुका, आणि त्याला मारलेल्या हाकेला घड्याळ 'ओ' देत होतं. आमच्याकडे बी विंगच्या ४०२चं पार्सल ए विंगचे ४०२वाले उघडून बसतात, तसं.

डाख दिला दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी. जन्मभर टीव्ही दुरुस्त केलेला माणूस. "साहेब, पिना खोचून भागत असतं तर आम्ही एवढी वर्षं धूर कशाला खाल्ला?"

आता दोघंही बोलायला लागले, पण एकाच वेळी. सेन्सरची एडी० पिन ३.३ व्होल्टला जोडली की त्याचा पत्ता ६९ होतो. जोडली. शेजारचं दार मिळालं, आणि आकडे आले सगळे शून्य! वीज मिळाली तरी हा गडी झोपलेलाच असतो. ६बी या रजिस्टरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या एका खणात, शून्य लिहिलं की उठतो. आमच्या लेकीला रविवारी उठवायला असं एखादं रजिस्टर असतं तर!

उठल्यावर झेड १६३८४च्या आसपास आला. हे गुरुत्वाकर्षण. पण जायरोला, म्हणजे सेन्सरमधल्या फिरणं मोजणाऱ्या भागाला, जागच्या जागीही आपण किंचित फिरतोय असं वाटतं. ती चूक मोजायची तर पाच सेकंद रोबो अगदी स्थिर हवा. पाच सेकंद! सौंनी मिक्सर लावला. रात्री अकराला पुन्हा बसलो, तर घोडबंदर रोडवरून कंटेनर गेला आणि फळीवरच्या कपबश्या किणकिणल्या. शेवटी रोबो फरशीवर, पंखा बंद, तिघं श्वास रोखून उभे. जमलं.

"सोड," मी म्हणालो. रोबो ओळंबा धरल्यासारखा सरळ निघाला आणि टीव्हीखालच्या कपाटावर आपटला. तोंडच तिकडे करून ठेवलं होतं. मी.