गरुडांना पायऱ्या नसतात

ग्रीसमध्ये पाहण्यासारखं जे काही असतं, ते वर असतं. आराहोवा हे गाव पार्नासस पर्वताच्या उतारावर, साधारण ९५० मीटर उंचीवर वसलंय. वसलंय कसलं, लटकलंय. घरांच्या मधून रस्ता म्हणून जे जातं, त्या पायऱ्या असतात.

"अहो, जेजुरी चढला होतात की!" ही म्हणाली.

चढलो होतो. तेव्हा गुडघे माझ्या पक्षात होते.

सेंट जॉर्जचं चर्च अर्थातच गावाच्या डोक्यावर. दारात बसलेल्या एका आजींना खाणाखुणा करून विचारलं, पायऱ्यांशिवाय वाट आहे का? आजींनी मान वर उडवली. ग्रीक माणूस 'नाही' म्हणताना अशीच मान उडवतो. वर पाहिलं, तर आणखी पायऱ्या. दोन्ही अर्थांनी उत्तर अचूक.

जवळच्या डेल्फीतली पिथिया, म्हणजे अपोलोच्या देवळातली भविष्य सांगणारी पुजारीण, तीही असंच दोन अर्थांनी बोलायची. युद्ध केलंस तर मोठं साम्राज्य बुडेल, असं तिने राजा क्रीससला सांगितलं. त्याने केलं. साम्राज्य बुडालं, ते त्याचंच.

एप्रिलमधल्या सेंट जॉर्जच्या जत्रेत इथले म्हातारे चढावर धावण्याची शर्यत लावतात, ही माहिती मला निम्म्या वाटेवर, धाप लागलेली असताना पुरवण्यात आली. १८२६च्या नोव्हेंबरात, ग्रीकांच्या स्वातंत्र्ययुद्धात, ग्रीक सेनापती करैस्काकिसने ऑटोमन फौजेला याच गावात कोंडून हरवलं. श्रेय त्याला देतात. माझा संशय पायऱ्यांवर आहे.

दुसऱ्या दिवशी डेल्फी. झ्यूसने जगाच्या दोन टोकांकडून सोडलेले गरुड इथे भेटले, म्हणून ही पृथ्वीची बेंबी. गरुडांचं काय जातंय! आम्ही मात्र बेंबीच्या देठापासून श्वास घेत अपोलोच्या देवळापाशी पोचलो. 'कशाचाही अतिरेक नको' असं इथे कोरलेलं होतं म्हणे. मी तिथेच टेकलो. पण हेच लिहिणाऱ्यांनी देवळाच्या वर नाट्यगृह बांधलंय, आणि त्याच्याही वर स्टेडियम! खेळाडू तिथवर पोचेपर्यंत धावायला शिल्लक काय राहत असतील?

ही स्टेडियमही पाहून आली. "वर फार सुंदर आहे हो," म्हणाली.

रात्री आराहोवात तव्यावर भाजलेलं फोर्माएला चीज आलं, वर लिंबू पिळून. हे चीज याच गावचं, आणि टेबलापर्यंत चालत येतं. मी सुखावलो होतो, तेवढ्यात हिने वेटरला विचारलं, "इथे अजून काय पाहण्यासारखं आहे?"

त्याने खिडकीतून पार्नाससच्या शिखराकडे बोट दाखवलं. २,४५७ मीटर.

मी घाईघाईने चीजची आणखी एक प्लेट मागवली.