मग कोर्ट कशाला ठेवलंय?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे सरका.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशींच्या मुलाला एका कंपनीच्या स्टाफ बसवर ड्रायव्हर म्हणून घेतलं होतं. ट्रायल झाली, युनिफॉर्मचं मापही दिलं. आज फोन आला, येऊ नकोस. का? तर पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत जुनी केस दिसतेय. कलम 143, 147, 323, म्हणजे जुन्या दंड संहितेतले बेकायदा जमाव, दंगल आणि मारहाण. पुढच्याच रकान्यात 'निर्दोष मुक्तता' असंही लिहिलंय, पण ते एचआरच्या बाईंना दिसलं नाही. "आम्हाला निरंकच लागतो," म्हणे.

काय केलं होतं त्याने? एकोणीस वर्षांचा होता, विसर्जन मिरवणुकीत जनरेटरच्या गाडीपाशी उभा. पुढे दोन मंडळांची डीजेवरून जुंपली. मारणारे पळाले. हा भाड्याचा जनरेटर टाकून जाणार कुठे? सापडला, नाव लागलं. मग तारखांवर तारखा. वडिलांचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी हा कोर्टात. शेवटी सुटला.

सुटला म्हणजे सुटला ना?

अठराच्या आत असता, तर 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे दोषी ठरूनसुद्धा ही नोंद मुदतीनंतर नष्ट करावी लागली असती. 1958 च्या परिवीक्षा कायद्यात, गुन्हा शाबीत होऊन चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसालाही त्या शिक्षेची अपात्रता चिकटत नाही. इंग्लंडात तर 1974 पासून कायदा आहे, शिक्षा भोगून ठरावीक वर्षं नीट वागलात की बहुतेक नोकऱ्यांत ती सांगावीही लागत नाही. आणि आमचा काहीच शाबीत न झालेला पोरगा? वकील म्हणतात, हायकोर्टात जाऊन बघू. फी ऐकून मावशी गप्प.

"सुटला म्हणजे पुराव्याअभावी सुटला असेल," असं आमच्याच सोसायटीतल्या एका शहाण्याने ऐकवलं. अरे, मग पुरावा आणायचं काम त्याचं होतं का?

लपवावं, तर तीही सोय नाही. सरकारी नोकरीत लपवलं तर लपवल्याबद्दल घरी जायची पाळी येते. आणि खरं सांगितलं तरी पूर्वचारित्र्य बघायचा हक्क मालकाला आहेच, हे सुप्रीम कोर्टाने 2016 साली अवतार सिंग प्रकरणात सांगितलंय. आमच्या पोराने तर पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं!

इकडे निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात पानभर गुन्हे लिहून लोक मंत्री होतात. त्यांच्या आंदोलनांतले खटले मागे घ्यायला शासन निर्णय निघतो. जनरेटरवाल्यासाठी कोण काढणार?

बरं, शाळेच्या व्हॅनवर माणूस ठेवताना मीही चौकशी करीन, मान्य. लहान मुलांवर हात टाकलेल्याची नोंद जन्मभर राहू दे. पण सगळ्यांना एकाच दोरीने बांधायचं?

आणि हा तरी नशीबवान म्हणायचा. पारध्याच्या पोराला केससुद्धा लागत नाही, आडनाव पुरतं. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 ला देशभरातून गेला, चौक्यांना अजून कळवलेलं दिसत नाही.

मावशींनी निकालाची नक्कल लॅमिनेट करून घेतलीय. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून, पान न् पान. ती पिशवीत घालून आज दुपारी कंपनीच्या गेटवर गेल्या. वॉचमनने आत सोडलं नाही. परत आल्यावर मला दाखवत होत्या, शिक्का कुठे आहे ते बोटाने. "ताई, कोर्टाचा शिक्का आहे हो यावर." मला काही बोलताच येईना. चहा टाकला फक्त.

वकील मित्रांनो, कमेंटमध्ये मला प्रोसिजर शिकवू नका. शिकवायचीच असेल तर त्याचं काम बिनपैशाने घ्या.

आणि कुणाकडे ड्रायव्हरची जागा असेल तर इनबॉक्स करा. हेवी लायसन्स आहे, बॅज आहे, दारू-तंबाखू नाही. केसचं तो स्वतःच सांगेल, तुम्ही विचारायच्या आधी.