ऑक्सिजन 'धातू' कसा, आणि म्हाताऱ्या ताऱ्यांत लोखंड कमी का?

नमस्कार सर,

म्हाताऱ्या ताऱ्यांत लोखंड कमी असतं असं सांगणाऱ्या माझ्या लेखावरचा, 'ऑक्सिजनला धातू म्हणणारे आता सोलापुरात विज्ञान सांगणार' हा तुमचा टोला कबूल. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला ते खुपणारच. खगोलवाले हायड्रोजन-हेलियम सोडून बाकी सगळ्याला सरसकट धातू म्हणतात. खोड त्यांची, पण लेखात ते सांगायचं मी विसरलो.

'तारे लोखंड बनवतात, मग म्हाताऱ्या ताऱ्यांत ते जास्त हवं, तुम्ही उलटं लिहिलंत' या दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी माघार घेत नाही. आपल्या चादरीचं सूत आधी रंगतं, मग मागावर चढतं. पुढे त्या चादरीत काहीही गुंडाळा, सुताचा रंग बदलत नाही. ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यात, म्हणजे वर्णपटात, दिसतो तो ताऱ्याचा बाहेरचा थर, म्हणजे ज्या वायूतून तो जन्मला तो वायू. नवी मूलद्रव्यं बनवणारी भट्टी आत गाभ्यात असते. लोखंडापर्यंत मजल जाते ती सूर्याच्या आठपटींहून जड ताऱ्यांची, आणि ते काही कोटी वर्षांत फुटून संपतात. आज जे म्हातारे दिसतात ते हलके, मंद आचेवरचे. त्यांनी लोखंड बनवलेलंच नाही आणि जन्माच्या वेळी वायूतही ते फारसं नव्हतं. विश्वाच्या सुरुवातीला वजनाने तीन भाग हायड्रोजन, एक भाग हेलियम, लिथियम नावापुरतं. बाकीची भर नंतरच्या स्फोटांनी घातली. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या एका ताऱ्याच्या वर्णपटात लोखंडाची खूण सांगणारी एकही रेषा सापडली नाही. असलंच तर सूर्याच्या एक कोटीव्या हिश्श्याहून कमी!

तुमचं म्हणणं अगदीच फोल नाही. काही फुगलेल्या, राक्षसी ताऱ्यांत आतला माल ढवळून वर येतो. १९५२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ पॉल मेरिल यांना अशा ताऱ्यांत टेक्नेशियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य दिसलं. ते फार टिकत नाही, म्हणजे तिथेच तयार झालेलं. पण लोखंड असं वर येत नाही.

आता तुमच्या नजरेतून निसटलेली माझी खरी चूक. 'सूर्य तिसऱ्या पिढीचा' असं मी ठोकून दिलं. खगोलशास्त्रज्ञ वाल्टर बाडे यांनी १९४४ मध्ये ताऱ्यांचे गट पाडले, त्यात सूर्यासारखे तरुण तारे पहिल्या गटात आणि म्हातारे दुसऱ्यात. सगळ्यांत आधीच्यांना पुढे तिसरा क्रमांक मिळाला, म्हणजे 'तिसरा' म्हटलं की अर्थ उलटाच. शिवाय सूर्याआधी कित्येक फेऱ्यांची राख त्या वायूत मिसळली होती. आजोबा-बाप-नातू अशी मोजणी तिथे होत नाही. ते वाक्य खोडलंय.

मेअखेरीस उकाड्याने गच्चीवर झोपायला गेलात, की साडेदहाच्या सुमारास डोक्यावर, अगदी माथ्यालगत, नारिंगी स्वाती दिसेल. सूर्याहून वयाने मोठी, आणि लोखंड त्याच्या साधारण एक तृतीयांश.