ती जागा 'रिकामी' नसते

सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. मॉल-हॉस्पिटलातली दिव्यांगांची पार्किंगची जागा दिवसभर ओस पडलेली असते, तिथे पाच मिनिटं गाडी लावली तर बिघडलं काय? खरा दिव्यांग व्हीलचेअरवर असतो, बाकीचे फायदा उपटतात. आणि खासगी जागेला असला कायदा लागूच नाही. मला लहानपणी पोलिओ झाला. पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराचा सांगाडा, लावून चालते, बाजूला चाकं बसवलेली स्कूटर चालवते. म्हणून उत्तर देते आहे.

ती जागा ओस दिसते म्हणूनच आम्ही येतो तेव्हा मिळते. साधी गाडी अडीच मीटर रुंदीत मावते. आमच्यासाठी सरकारी मानकांत 3.6 मीटर रुंदी आहे, तीही प्रवेशद्वारापासून 30 मीटरच्या आत. ती जास्तीची रुंदी कशाला? दार सताड उघडायचं, सीटला खेटून व्हीलचेअर लावायची आणि हातांच्या जोरावर अंग पलीकडे सरकवायचं. या जास्तीच्या जागेत आखलेल्या पट्ट्यांवर कुणी बाइक लावली की दार अर्धंच उघडतं. गेल्या पावसाळ्यात एका हॉस्पिटलबाहेर माझा मित्र परत निघाला, तर दाराला लागूनच दुसरी गाडी. आत बसता येईना. चाळीस मिनिटं भिजला. गाडीवाला आल्यावर म्हणाला, "पाचच मिनिटं लावली होती."

व्हीलचेअरचं म्हणाल तर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, मस्क्युलर डिस्ट्रॉफीसुद्धा त्यात येतात. माझं कॅलिपर सलवारीखाली दिसत नाही. मी दहा पावलं टाकते, पण बेसमेंटचा चढ चढून येऊ शकत नाही. खोटेपणा करणारेही असतील. शंका असेल तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मागा, माझं पर्समध्येच असतं. नुसतं बघून आरडाओरडा करू नका.

खासगी जागेचा दावा तर साफ चूक. लोकांची ये-जा असलेली खासगी इमारतही या कायद्यानुसार 'सार्वजनिक इमारत'च आहे. उल्लंघनाला पहिल्यांदा 10 हजारांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर 50 हजार ते 5 लाख. एक मात्र खरं, सुगम्यतेचे, म्हणजे जागा दिव्यांगांना सहज वापरता याव्यात यासाठीचे, बरेच निकष नुसत्या शिफारशींसारखे होते. म्हणूनच 8 नोव्हेंबर 2024ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते ज्या नियमात होते तो कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत आखा, असं केंद्राला बजावलं.

जागा अडलेली दिसली तर व्यवस्थापनाला लेखी कळवा. दाद लागली नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे, तिथे तक्रार करता येते.